हळद्याचं विरजण

दोन राष्ट्रांना जोडणारा सर्वांत बळकट धागा म्हणजे भाषा होय. भारत आणि हळदे या दोन राष्ट्रांची भाषा एकच होती, आणि तिच्यातून त्यांनी एकमेकांशी आजवर एकही कामाची गोष्ट केलेली नव्हती.

हळदे हे हिंदी महासागरातलं एक बेट. हॅलिडे नावाच्या कुणा कप्तानानं शोधलं म्हणून इंग्रजांच्या नकाशात ते हॅलिडे आयलंड होतं. उसाच्या मळ्यांवर राबायला कोकणातून गलबतं भरभरून नेलेल्या माणसांनी त्याचं हळदे करून टाकलं आणि पुढे स्वतंत्र झाल्यावर तेच नाव संयुक्त राष्ट्रांत लावलं. हळदेकर मराठीच बोलत. पण त्यांची मराठी गलबतात चढली त्या दिवशी जशी होती तशीच राहिली होती. विमानाला ते हवाई आगबोट म्हणत आणि राष्ट्रपतीपासून वाण्यापर्यंत सगळ्यांना ‘तू’ म्हणत.

भारताच्या परराष्ट्र खात्यानं या भाषाबंधुत्वाचा योग्य तो फायदा घेतला होता. दुभाष्याची गरज नाही म्हणून ते पद रद्द केलं. मग गैरसमज व्हायचाच प्रश्न नाही म्हणून राजदूताचंही केलं. उरले प्रभारी वकील अच्युत वाळिंबे. वय सेहेचाळीस, अविवाहित, मूळ गाव सातारा. हळद्यातल्या भारतीय वकिलातीत ते, एक झेंडा आणि दोन शिपाई एवढाच सरंजाम होता.

अच्युतला हळद्यात येऊन चार वर्षं झाली होती आणि पुढचं सगळं आयुष्य इथंच काढावं असं त्याला वाटू लागलं होतं. त्याचं कारण होतं सुरंगी पाष्टे.

सुरंगी हळद्याच्या एकुलत्या एका विमानतळावर जैवसुरक्षा अधिकारी होती. परक्या देशातून येणारा कुठलाही खाण्याचा जिन्नस, बी, माती, पान तिच्या टेबलावरून पुढे जात नसे. त्यांची पहिली भेट अच्युतच्या आईनं बांधून दिलेल्या लसणाच्या चटणीवरून झाली. सुरंगीनं डबी उघडली, वास घेतला, “सुरेख झालीय,” म्हणाली आणि ती त्याच्या देखत भट्टीत टाकली.

“ही माझ्या आईनं केलीय हो,” अच्युत म्हणाला होता.

“म्हणून तर सुरेख झालीय. पुढचा!”

अशा बाईशी लग्न करायला चार वर्षं धीर धरावा लागला यात नवल नाही. आता मात्र ठरलं होतं. येत्या मार्गशीर्षात, सुरंगीच्या आईच्या अंगणात. अट एकच होती. सुरंगी बेट सोडणार नव्हती. “मी गेले तर त्या टेबलावर माझा चुलतभाऊ बसेल. तो चिवडा दिसला की देश विकेल,” असं तिचं म्हणणं होतं. त्यामुळे अच्युतची वकिलात हळद्यात असणं हे दोन्ही देशांपेक्षा अच्युतला जास्त गरजेचं होतं.

आणि त्याच सुमाराला भारतातलं दही लागायचं बंद झालं.

हा प्रकार नीट समजून घ्यायला हवा. दही लावतात ते जिवाणू. आपण दुधात विरजण घालतो म्हणजे काही कोटी जिवाणू सोडतो. ते दुधातली साखर खातात, आम्ल करतात आणि दूध थिजतं. पण जिवाणूंनाही रोग होतात. त्यांच्यावर जगणारे विषाणू असतात. ते जिवाणूला चिकटतात, आपली जनुकं आत सोडतात आणि तासाभरात तो जिवाणू फुटून त्यातून शेकडो नवे विषाणू बाहेर पडतात. दूधधंद्याला हा शत्रू फार जुना आहे. पूर्वी त्याचं फारसं चालत नसे, कारण घराघरांतलं विरजण निराळं होतं. एका घरचं बिघडलं तर शेजारून आणायचं.

पण गेल्या काही दशकांत घरी दही लावणं मागे पडलं होतं. जे लावत ते विकतच्या डब्यातलंच चमचाभर घेऊन लावत. आणि देशातल्या सगळ्या मोठ्या डेअऱ्या एकाच वाणाचे जिवाणू वापरत, कारण ते दही घट्ट, पांढरंशुभ्र आणि अजिबात चव नसलेलं होत असे, आणि ग्राहकांना तेच आवडतं असं पाहणीत आढळलं होतं. थोडक्यात, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत देशात एकच दही होतं. राष्ट्रीय एकात्मतेच्या क्षेत्रातलं हे एकमेव संपूर्ण यश म्हणावं लागेल. मग त्या एका वाणाला खाणारा एक विषाणू उपजला. वर्तमानपत्रांनी त्याचं नाव ठेवलं कालिया. तीन आठवड्यांत देशात दही उरलं नाही.

जेवणाची रया गेली. कढी गेली, ताक गेलं, श्रीखंड गेलं. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याच्या जागी लोक संत्र्याचं सरबत वाढू लागले आणि व्याही व्याह्यांकडे बघेनासे झाले. पंचामृतात चारच पदार्थ राहिले तेव्हा पाचवा कोणता घ्यावा यावर दोन शंकराचार्यांत मतभेद झाले. परीक्षेला निघालेल्या मुलांच्या हातावर आया चीजचा तुकडा ठेवत, आणि त्या वर्षी निकाल कमी लागला तो त्यामुळेच, असं शिक्षणमंत्री सभागृहात म्हणाले.

परदेशी दह्याचे वाणही आणून पाहिले. कालियानं तेही खाल्ले.

हे सगळं अच्युत हळद्यात बसून बातम्यांत पाहत होता आणि समोर सुरंगीच्या आईनं वाढलेला दहीभात खात होता. दही असं लागलं होतं की वाटी उलटी केली तरी हलू नये.

“आई, हे विरजण कुठलं?” त्यानं विचारलं.

“कुठलं म्हणजे? गलबतातलं,” सुरंगीची आई म्हणाली. कट्ट्यावरचे पांढरे प्लास्टिकचे डबे ती पुसत होती. त्यांत तूरडाळ, मूगडाळ, साखर असं भरून ठेवलेलं होतं. डब्यांवरची अक्षरं पुसून कधीच गेली होती. “माझ्या खापरपणजीनं फडक्याला दही चोपडून वाळवून आणलं. इथं आल्यावर फडकं दुधात बुडवलं. तेव्हापासून चालूच आहे. वादळात या घराचं छप्पर गेलं, पण विरजण गेलं नाही.”

हळद्यात ही कथा पाळण्यापासून ऐकवत. सगळ्या बेटाचं विरजण एकच, आणि ते कोकणातून गलबतातून आलेलं.

भारत सरकारनं सगळ्या वकिलातींना संशयित पार्सलं तपासायला एक यंत्र पाठवलं होतं. जेवणाच्या डब्याएवढं. त्यात कुठल्याही सजीवाचा कण टाकला की ते त्याची जनुकं वाचून दाखवी. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोक त्याला वंशघड्याळ म्हणत, कारण दोन नमुने दिले तर त्यांच्यातले बारीक फरक मोजून, ते दोघे किती वर्षांपूर्वी एकाच भांड्यात होते हेही ते सांगे. हळद्याला संशयित पार्सल कधी येत नसल्यामुळे ते यंत्र अच्युतनं टेलिफोनखाली ठेवलं होतं. त्या दुपारी त्यानं फोन उचलून बाजूला ठेवला आणि यंत्रात दह्याचा एक थेंब टाकला.

निकाल वाचून तो उभा राहिला. मग बसला. मग पुन्हा उभा राहिला.

जिवाणूंना आठवण असते, ही गोष्ट फार लोकांना ठाऊक नाही. विषाणूच्या हल्ल्यातून एखादा जिवाणू वाचला, तर तो त्या विषाणूच्या जनुकाचा एक तुकडा कापून आपल्या जनुकांत खोचून ठेवतो. पोलीस ठाण्यात गुंडांचे फोटो लावतात तसं. पुन्हा तोच गुंड आला तर पोराबाळांनाही ओळखता येतं. कारखान्यातले जिवाणू दरवेळी गोठवलेल्या मूळ नमुन्यावरून नवे करत, त्यामुळे त्यांना कसलीच आठवण नव्हती. हळद्याच्या दह्यानं मात्र वर्षानुवर्षं घरोघरी मार खाल्लेला होता. त्याच्या जनुकांतल्या फोटोंच्या ओळीत कालियाचा चुलता ठळक दिसत होता.

अच्युतनं दिल्लीला फोन केला. भारत सरकारला हळदे नकाशात कुठं आहे हे त्या रात्री समजलं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते अच्युतला आठवत नाही. मार्गशीर्षातलं लग्न सोडून बाकी सगळ्याची तयारी चालली होती. विशेष दूत म्हणून डॉ. प्रभंजन रिसबूड आले. ते पुण्याचे, तीन विद्यापीठांचे पदवीधर, आणि ‘समान वारसा’ या विषयावर कुठल्याही सूचनेशिवाय चाळीस मिनिटं बोलू शकत. विमानातून उतरताच त्यांनी हळद्याच्या मातीला वाकून नमस्कार केला आणि सुरंगीनं त्यांचे हात धुवायला लावले.

हळद्याच्या पंतप्रधान भागीरथी घडशी. वय सत्तरीच्या पुढे, आणि सगळ्या देशाची भागीमावशी. त्या रोज संध्याकाळी स्वतः दही लावत आणि त्या वेळी मंत्रिमंडळाची बैठक थांबवत. डॉ. रिसबूडांनी त्यांच्यापुढे कराराचा मसुदा ठेवला. मोबदला, स्वामित्वहक्क, बंदराचा विकास, शिष्यवृत्त्या. भागीमावशींनी तो चष्मा न लावता बाजूला सारला.

“विरजण हवंय ना तुला?”

“होय, माननीय पंतप्रधान, परंतु त्याचा योग्य मोबदला...”

“विरजणाचे पैसे घेतात होय रे?” भागीमावशी अच्युतकडे वळल्या. “तुमच्याकडं घेतात?”

“आमच्याकडं डब्यावर छापलेले असतात,” अच्युत म्हणाला.

“अगाई!” म्हणून त्यांनी कपाटातून काशाची वाटी काढली. गलबतातून आलेली, काठाला चेपलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण तिन्हीसांजेला विरजण देत नाहीत, त्यांनी करारातला मोबदला खोडून त्यावर सही केली आणि वाटी भरून डॉ. रिसबूडांच्या हातात दिली. साऱ्या बेटानं टाळ्या वाजवल्या. सुरंगी बाजूला उभी होती. तिनं अच्युतच्या हाताला हात लावला आणि लगेच काढून घेतला, कारण ती कामावर होती.

“पण लक्षात ठेव पोरा,” भागीमावशी म्हणाल्या, “वाटी परत पाठव.”

वाटी वायुदलाच्या विमानानं गेली. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत तिच्यातलं विरजण दहा हजार लिटर दुधात गेलं आणि सकाळी टाकीत दही थिजलं. शास्त्रज्ञांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. एक जण टाकीत पडला. महिन्याभरात विरजण जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचलं. दह्याच्या रांगेत लोक नाचले. हळद्याचा झेंडा मिठाईच्या दुकानांवर दिसू लागला. त्यावरचा ऊस कित्येकांना बांबू वाटला, पण भावना खरी होती. अच्युतला बढती मिळणार असं कळलं. बढती हळद्यातच द्या, असं त्यानं कळवलं.

मग वाटी परत आली.

मखमली पेटीत, सीलबंद. पंतप्रधान निवासासमोर मांडव घातला होता. अच्युत सुरंगीच्या घरी तिच्या आईजवळ बसून टीव्हीवर पाहत होता, कारण मांडवात त्याची खुर्ची मांडायची राहिली होती. सुरंगी नुकतीच विमानतळावरून आली होती आणि चहा गाळत होती. भागीमावशींनी पेटी उघडली. वाटी चकाचक घासलेली, लखलखीत होती. त्यांनी आत पाहिलं.

वाटी रिकामी होती.

टीव्हीवरचा निवेदक बोलायचा थांबला. सुरंगीच्या आईनं तोंडावर हात ठेवला. शेजारच्या घरातून कुणीतरी “नाही ना!” असं ओरडलं.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. शेजारचं भांडं परत करताना त्यात काहीतरी घालून देतात. मूठभर साखर, दोन लाडू, अगदीच काही नसेल तर चार शेंगदाणे. आपल्याकडे हे आता पाळलं तर पाळतात. हळद्यात मात्र भांडं रिकामं परत केलं की त्याचा अर्थ एकच, की यापुढे तुमचा आमचा संबंध संपला. घरात वाटण्या होताना भाऊ भावाला तसं भांडं पाठवी.

भागीमावशींनी वाटी पालथी केली, निवासाच्या पायरीवर ठेवली आणि आत जाऊन दार लावलं. पाचच मिनिटांत हळद्याच्या मंत्रिमंडळानं करार रद्द केला. विरजण वापरायची परवानगी मागे घेतली. भारतीय वकिलातीनं शुक्रवारच्या आगबोटीनं, म्हणजे विमानानं, देश सोडावा असं ठरलं.

“असं कसं केलंन् तुमच्या माणसांनी?” सुरंगीची आई अच्युतला म्हणाली. चार वर्षांत ती पहिल्यांदा ‘तुमच्या’ म्हणाली होती.

सुरंगीच्या हातातला चहा गाळण्याबाहेर सांडत होता. तिनं गाळणं खाली ठेवलं.

“त्यांनी नाही केलं. मी केलं.”

“काय?”

“पेटी मी उघडली. वाटीत खडीसाखर होती. कागदात बांधलेली. मी जाळली. वाटी वाफेनं धुतली आणि सील पुन्हा लावलं.”

आईनं टीव्ही बंद केला, जणू तो ऐकत होता.

“अच्युत, ती साखर ज्या देशात कालिया आहे तिथून आली होती,” सुरंगी म्हणाली. “तो रूप बदलतोय. कागदावर, बोटांवर, कशावरही बसून येईल. आणि इथं आला तर? तिकडचं पुन्हा गेलं तर शेवटचं विरजण आपल्याकडंच आहे. मी दुसरं काय करणार होते?”

“बरोबरच केलंस.”

“मी पंतप्रधानांच्या कचेरीला कळवलं होतं. पण तिथं एकच कारकून. तो मांडवाला पताका लावत होता.”

एवढ्यात अच्युतचा फोन वाजला. डॉ. रिसबूड पुण्याहून बोलत होते आणि फोनची गरज वाटू नये इतक्या मोठ्यानं बोलत होते.

“वाळिंबे! वाटी रिकामी कशी? आमच्या आईनं तिच्यात खडीसाखर घातली होती! पेटी एक दिवस माझ्याकडे होती. मी तिला म्हटलं, आई, ही राष्ट्रीय ठेव आहे, हिला हात लावू नकोस. ती म्हणाली, तुझं राष्ट्र राहू दे, रिकामं भांडं मी घरातून जाऊ देणार नाही. मी घातलेली डोळ्यांनी पाहिलीय! तिथं कुणीतरी काढली. शोधा! संध्याकाळी दिल्ली निवेदन काढणार. हळद्याच्या जकातवाल्यांनी भारताची साखर चोरली म्हणून. राजनैतिक सील तोडणं म्हणजे काय असतं ते दाखवतोच! मला फक्त नाव द्या.”

“बघतो,” अच्युत म्हणाला आणि फोन ठेवला.

आवाज तिघांनीही ऐकला होता.

“दे नाव,” सुरंगी म्हणाली. “खरं आहे ते.”

“मग तुझ्या टेबलावर चुलतभाऊ बसेल.”

“नाही दिलंस तर शुक्रवारी तू जाशील.”

अच्युतला पहिल्यांदाच आपल्या नोकरीचा अर्थ कळत होता. दोन देशांच्या मधे एक माणूस बसवतात, तो दोन्हीकडून पिळला जाण्यासाठी. नाव दिलं तर भारताची अब्रू वाचत होती आणि सुरंगी जात होती. शिवाय कालियासाठी बेटाचं दार उघडत होतं. नाही दिलं तर तो जात होता, आणि त्याच्याबरोबर भारताचं दहीही. त्यानं समोरच्या चहाच्या कपाकडे पाहिलं. कप भरलेला होता. शेजारी साखरेचा पांढरा डबा होता. सुरंगीची आई सवयीनं त्याच्या कपात साखर घालू लागली, तेवढ्यात डबा संपला.

“थांब, शेजारून आणते,” ती म्हणाली. आणि डोळे पुसत, रिकामी वाटी घेऊन निघाली.

अच्युत ताडकन उठला.

“आई! ती वाटी रिकामी का नेताय?”

“अरे मागायला भरलेली नेतात का कुणी?”

पुढच्या क्षणी तो रस्त्यात होता. सुरंगी “अरे चप्पल तरी घाल!” म्हणून ओरडली, मग स्वतःही एकाच पायात चप्पल अडकवून मागे धावली.

पंतप्रधान निवासासमोर सारा गाव जमला होता. कुणी घोषणा देत होतं, कुणी मांडव सोडत होतं, आणि टीव्हीचा कॅमेरा पायरीवरच्या पालथ्या वाटीवर रोखलेला होता. अच्युत गर्दीतून वाट काढत पायरीपर्यंत गेला. त्यानं वाटी उचलली. त्यानं ती सुलटी केली, दोन्ही हातांत धरली आणि दाराची कडी वाजवली.

बराच वेळ काही झालं नाही. मग दार फटीएवढं उघडलं.

“काय रे?” आतून भागीमावशी म्हणाल्या.

प्रजासत्ताक भारताच्या वतीनं जे काही बोलायचं असतं ते सगळं अच्युतला पाठ होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

“मावशी,” तो म्हणाला, “विरजण आहे का थोडं?”

फट रुंदावली. भागीमावशींनी आधी वाटीकडे पाहिलं आणि मग त्याच्या अनवाणी पायांकडे.

“परवाचं काय झालं?”

“बिघडलं.”

“सगळं?”

“सगळं,” अच्युत म्हणाला, आणि दीडशे कोटी लोकांच्या दह्यावर त्यानं एकट्यानं पाणी सोडलं. “म्हणून तर वाटी रिकामी पाठवली. परत नाही केली, मावशी. मागायला पाठवली. सांगायचं राहून गेलं.”

भागीमावशींनी दार सताड उघडलं आणि अंगणाकडे बघून त्या ओरडल्या, “अगो, बिघडलं त्यांचं! मागायला आलेत!”

गर्दीतून एक मोठा सुस्कारा आला, मग हसू, मग टाळ्या. बायका एकमेकींना सांगू लागल्या. एवढ्या मोठ्या देशाला साधं दही लावता येत नाही याचा हळदेकरांना जो आनंद झाला, तो स्वातंत्र्याच्या दिवशीही झाला नव्हता. जो एकदा मागतो तो पाहुणा. दुसऱ्यांदा मागायला येतो तो घरचा. भागीमावशी आत गेल्या आणि वाटी काठोकाठ भरून घेऊन आल्या.

“दूध कोमट हवं. कढत नको. बोट बुडवून बघायचं. सांग तुझ्या पंतप्रधानाला.”

“सांगतो.”

“आणि तोंड पुस. एवढं काय रडायचं? सगळ्यांचंच कधीतरी बिघडतं.”

अच्युत रडत होता खरा, पण त्याचं कारण गर्दीच्या कडेला, एका पायात चप्पल घालून उभं होतं.

संध्याकाळी डॉ. रिसबूडांचा फोन आला. त्यांचा आवाज आता अगदी हळू होता, आणि तो जास्त भयंकर वाटत होता.

“वाळिंबे, तुम्ही जगाला सांगितलंत की भारताचं दही बिघडलं?”

“हो.”

“ते उत्तम आहे. देशात साडेचार कोटी लिटर दही आहे. मी आत्ता खातोय.”

“करार पुन्हा लागू झालाय, साहेब. बंदरही देताहेत. मावशी म्हणाल्या, एवढ्या लांबून दह्याला येता, तर धक्का तरी नीट बांधून घ्या.”

पलीकडे बराच वेळ चमच्याचा आवाज येत राहिला.

“निवेदनात काय लिहू?”

“काही नको. वाटी परत पाठवा. रिकामी.”

“आणि आई?”

“आईंना सांगा, हळद्यात मागायला पाठवतोय. मग घालणार नाहीत त्या काही.”

तेव्हापासून हे असंच चालू आहे. दर महिन्याला काशाची वाटी हैदराबादहून रिकामी निघते, सुरंगी ती वाफेनं धुते, अच्युत ती घेऊन कडी वाजवतो, आणि ती भरून परत जाते. भारताचं दही दर महिन्याला बिघडतं अशी दोन्ही देशांत अधिकृत नोंद आहे. अर्थतज्ज्ञांनी त्याची कारणं शोधली असून त्यावर दोन प्रबंध झाले आहेत. वकिलातीला आता राजदूताचं पद परत मिळालं आणि ते अच्युतला मिळालं. मार्गशीर्षात लग्न झालं. पंगतीत मठ्ठा होता.

लग्नानंतर काही दिवसांनी वंशघड्याळाचा उरलेला निकाल आला. हळद्याचं विरजण कोकणातल्या नेमक्या कुठल्या वाणापासून फुटलं हे पाहायला जुन्या डेअऱ्यांचे गोठवलेले नमुने लागत होते, आणि ते कपाटांतून निघायला वेळ लागला होता. दोन्ही सरकारांना या निकालाची फार उत्सुकता होती. विरजण ज्या गावचं निघेल तिथं मैत्रीचा स्तंभ उभारायचा होता. आकडा अच्युतच्या नावानं आला. सुरंगी स्वयंपाकघरात डाळ निवडत होती. त्यानं तिला वाचून दाखवलं.

“दोन्ही वाण एका भांड्यात होते त्याला एकोणीस वर्षं झाली.”

“एकशे एकोणीस?”

“नुसती एकोणीस. आणि गाव कोकणात नाही. पुण्याजवळची एक डेअरी आहे. आता बंद पडलीय.”

सुरंगीनं सूप खाली ठेवलं.

“एकोणीस वर्षांपूर्वी वादळ झालं होतं,” ती सावकाश म्हणाली.

“ज्यात छप्पर गेलं पण विरजण गेलं नाही?”

“नऊ दिवस दूध नव्हतं, अच्युत. दुधाशिवाय विरजण कसं राहील?” तिनंही हा हिशेब आजवर कधी केला नव्हता. बेटावर कुणीच केला नव्हता. “मग भारतातून मदतीचं विमान आलं. घोंगड्या होत्या. बिस्किटं. मेणबत्त्या.”

“आणि?”

सुरंगीनं कट्ट्याकडे पाहिलं. आईनं लग्नात संसाराला म्हणून दिलेले पांढरे प्लास्टिकचे डबे ओळीनं मांडलेले होते. तिनं तूरडाळीचा रिकामा डबा उचलला आणि उलटा करून उजेडात धरला. तळाला उठावाची अक्षरं अजून शाबूत होती. दही, चारशे ग्रॅम, सात दिवसांत संपवावे.

“यांतला एकही परत पाठवला नव्हता,” ती म्हणाली, आणि डाळ भरून झाकण लावलं.